डोळे मिटले होते म्हणे!

‘मिशनरी आले तेव्हा त्यांच्याकडे बायबल होतं आणि आमच्याकडे जमीन. ते म्हणाले, चला, प्रार्थना करू. आम्ही डोळे मिटले. उघडले तर बायबल आमच्याकडे आणि जमीन त्यांच्याकडे.’ कधी दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू, कधी केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या फोटोखाली हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. वाक्य झकास आहे, पण त्यालाच आफ्रिकेचा इतिहास समजणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

‘मिशनरी आले’ इथपासूनच गडबड आहे. इथिओपियातल्या अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला, त्याच्या नाण्यांवर क्रूस दिसतो. इजिप्तमधलं कॉप्टिक चर्च त्याहून जुनं. लंडनहून मिशनरी निघायला अजून जवळजवळ दीड हजार वर्षं होती.

आता जमीन. इथे वाक्यात तथ्य आहे, आणि ते झाकू नये. १८८८ साली ब्रिटिश खाणमालक सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी आजच्या झिम्बाब्वेतल्या मटाबेले लोकांचा राजा लोबेंग्युला याच्याकडून खाणींचा करार करून घेतला. दुभाषा होता मिशनरी चार्ल्स हेल्म. खणायला दहाच गोरे येतील, असं राजाला तोंडी सांगितलं गेलं. कागदावर ती अट नव्हतीच. राजाचा विश्वास बसला तो बराचसा हेल्मवर. दोन वर्षांत ऱ्होड्सच्या कंपनीची सशस्त्र तुकडी शेजारच्या माशोनालँडमध्ये शिरली.

पण केनियात काय झालं? तिथे सरकारनेच १९१५च्या कायद्याने गोऱ्या शेतकऱ्यांना ९९९ वर्षांचे पट्टे द्यायची सोय केली. त्यासाठी कोणी डोळे मिटायची गरज नव्हती, सरकारकडे बंदुका होत्या.

मला सगळ्यात खटकतं ते ‘आम्ही डोळे मिटले’. म्हणजे आफ्रिकी माणूस भोळा, मिळेल ते गिळणारा! आजच्या मलावीतला पाद्री जॉन चिलेम्ब्वे बघा. अमेरिकेत शिकून १९००मध्ये परतला, शाळा काढल्या. शेजारी मागोमेरोचा मळा, मालकी प्रसिद्ध स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मुलीच्या सासरची. कुळांना भाड्यापोटी राबावं लागे. त्यांनी उभारलेली चर्चं मॅनेजरने जाळली. जानेवारी १९१५मध्ये चिलेम्ब्वेने उठाव केला. मॅनेजर मारला गेला, आणि फेब्रुवारीत चिलेम्ब्वेलाही गोळी घातली गेली. आज तो मलावीच्या नोटांवर आहे. बायबल हातात होतं आणि जमिनीवरचा डोळाही हलला नव्हता.

लिव्हिंगस्टनचं नाव निघालंच आहे तर आपल्याकडचा एक धागा. १८७३मध्ये तो आफ्रिकेत वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने. गुलामांच्या जहाजातून सुटलेला हा आफ्रिकी मुलगा शिकला होता नाशिकच्या शरणपूरच्या मिशनमध्ये. शवासोबत लंडनपर्यंतही तो गेला. पुढे मोंबासाजवळच्या फ्रेरे टाउनमध्ये मिशनचं काम उभं करण्यात नाशिकहून गेलेल्या अशाच आफ्रिकी मंडळींचा मोठा वाटा होता. शाळेतली फोटोवाली पुस्तकं मात्र गोऱ्या साहेबांवरच थांबतात.

‘आजही तिथली चर्चं गोऱ्यांच्या तालावर चालतात’ ही त्या वाक्याला हल्ली जोडलेली शेपटी. केनियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे जॉन गाटू यांनी १९७१मध्येच परदेशी मिशनरी आणि पैसा काही काळ थांबवा, असं जाहीरपणे म्हटलं होतं. आता तर नायजेरियात जन्मलेल्या चर्चच्या शाखा लंडनमध्ये आहेत, आणि त्यांचे पास्टर म्हणतात, इंग्लंडलाच मिशनची गरज आहे.

दोष काढायचेच तर आजचे काढा. २०२३मध्ये केनियातल्या शाकाहोलाच्या जंगलात चारशेहून अधिक मृतदेह सापडले. उपास करून येशूला भेटा, अशी शिकवण दिल्याचा आरोप ज्या पास्टरवर आहे, तो केनियाचाच. रवांडाने २०१८मध्ये हजारो चर्चं बंद केली आणि पाद्र्यांना धर्मशास्त्राची पदवी सक्तीची केली. तो कायदा करणारं सरकार आफ्रिकी, आणि ज्यांच्यावर तो लागू झाला ते पाद्रीही बहुतेक आफ्रिकीच.