पोलंड अंतराळात जाऊ शकत नाही?

ज्यांनी पोलंडबॉल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंटरनेटवरचं कॉमिक. प्रत्येक देश म्हणजे एक गोळा. अंगावर झेंडा आणि दोन पांढरे डोळे, बस्स. हात, पाय, तोंड काही नाही, डोळ्यांत बुबुळंसुद्धा नाहीत. २००९ साली क्राउटचान या जर्मन साइटवर हे सुरू झालं आणि आज जगभरातले हौशी लोक काढतात. ब्रिटनच्या डोक्यावर उंच हॅट आणि डोळ्यावर भिंग, कझाकस्तान चक्क वीट, सिंगापूर त्रिकोण. पोलंडचा झेंडा मुद्दाम उलटा, वर लाल आणि खाली पांढरा.

मला हे मनापासून आवडतं. देशांच्या स्वभावावरचे विनोद म्हणजे नुसती टवाळी, असं म्हणणाऱ्यांना मला पोलंडचंच उदाहरण द्यायचंय.

या कॉमिकमधला सगळ्यात गाजलेला विनोद म्हणजे ‘पोलंड अंतराळात जाऊ शकत नाही’. पृथ्वीवर संकट येतं, बाकीचे देश यानात बसून निघून जातात आणि पोलंड एकटा खाली राहतो. आता खरा इतिहास बघा. पोलंडचा मिरोस्लाव हेर्माशेव्स्की १९७८ मध्येच अंतराळात जाऊन आला, आपल्या राकेश शर्मांच्या सहा वर्षं आधी. पण यान सोव्हिएत! म्हणजे गेला तोही रशियाच्या यानात बसून. हे माहीत असलं की तोच विनोद दुप्पट हसवतो आणि थोडा टोचतोही. २०२५ च्या जूनमध्ये पोलंडचा दुसरा अंतराळवीर गेला, शुभांशु शुक्लांच्याच यानातून, तेव्हा मला तर फार आनंद झाला.

आणि तो गोळा सतत रडवेला का असतो? १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया (तेव्हाचं एक जर्मन राज्य) आणि १७९३ सोडून ऑस्ट्रियानेही हा देश वाटून घेतला. पुढची १२३ वर्षं नकाशावर पोलंड नव्हताच. १९३९ मध्ये पुन्हा दोन्ही बाजूंनी हल्ला, १ सप्टेंबरला जर्मनी, १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघ. दोन मोठ्या गोळ्यांच्या मधे चेपलेला तो छोटा गोळा पाहिला की हे सगळं आठवतं. मग एखाद्या स्ट्रिपमध्ये तोच गोळा पोलंडच्या जुन्या घोडेस्वारांसारखा पाठीला पंख लावून, १६८३ च्या लढाईत तुर्कांनी वेढलेल्या व्हिएन्नाच्या मदतीला धावून येतो, तेव्हा खरंच टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

सगळ्याच स्ट्रिप अशा नसतात. अमुक देश गरीब, तमुक देश घाणेरडा, एवढ्यावरच संपणाऱ्या पुष्कळ आहेत आणि त्या मला अजिबात आवडत नाहीत. त्या काढायला काही वाचावं लागत नाही. चांगली स्ट्रिप काढणाऱ्याने त्या देशाचा इतिहास वाचलेला असतो, आणि स्वतःच्या देशालाही तो सोडत नाही.

रेडिटवरच्या पोलंडबॉलच्या गटात तर वर्तुळाचं टूल वापरायलाच बंदी आहे, गोळा हातानेच काढायचा. म्हणून प्रत्येकाचा पोलंड वेगळा, थोडा वाकडा. नवीन वाचणाऱ्यांनी पोलंड-जर्मनी-रशिया या तिघांपासून सुरुवात करावी, आणि एस्टोनियाला नॉर्डिक देशांत (स्वीडन, फिनलंड वगैरे) गणलं जायची केवढी हौस आहे, त्या स्ट्रिप तर अजिबात चुकवू नयेत.