‘मोठ्या खेळाडूची बंदी फिफा उठवतंच’: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

मोठी स्पर्धा बाद फेरीत शिरली की पुण्यातल्या फुटबॉलच्या ग्रुपांवर एक निरोप हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात: ‘१९६२ ला गॅरिंचाला लाल कार्ड मिळूनही फायनल खेळवली, तेव्हापासून मोठ्यांची बंदी उठतेच. सेमीतलं पिवळं कार्ड माफ, हा नियम मेस्सीसाठी. मोठा देश अपील करतो आणि कार्ड रद्द होतं. रिप्ले बघून मागाहून शिक्षा देणं बेकायदा. बंदीवाला खेळाडू उतरवला तर मॅच पुन्हा खेळवावी लागते. आणि रोनाल्डोचं काय झालं ते बघितलंत ना?’

सहा विधानं आहेत. त्यातल्या शेवटच्यात दम आहे, म्हणून ते शेवटीच घेऊ.

ब्राझीलच्या गॅरिंचाची घटना खरी आहे. १३ जून १९६२, सँटियागो, यजमान चिलीविरुद्धचा उपांत्य सामना. ब्राझील ४-२ नं जिंकलं, पण शेवटाकडे चिलीच्या रोहासला लाथ मारल्याबद्दल गॅरिंचाला बाहेर काढलं. चार दिवसांनी तोच गॅरिंचा चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध फायनल खेळला. मात्र त्याला लाल कार्ड मिळालं नव्हतं, कारण कार्डंच नव्हती. ती आली १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात. बाहेर काढलेला खेळाडू पुढच्या सामन्याला आपोआप मुकतो, हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं. प्रत्येक प्रकरण समितीपुढे जायचं आणि साक्षीपुराव्यावर निकाल लागायचा. ज्या लाइन्समननं ती लाथ पाहिली होती तो सुनावणीआधीच देशाबाहेर गेला, साक्ष झाली नाही आणि गॅरिंचा ताकिदीवर सुटला. यात कुणाला काळंबेरं दिसत असेल तर आमची हरकत नाही. पण ती वाट पुढे बुजवली गेली. आज लाल कार्ड मिळालं की पुढचा सामना गेलाच; त्यासाठी समितीनं बसायची गरज नाही. समिती बसते ती त्याहून जास्त द्यायचं का, हे ठरवायला.

१९९८ चा लॉराँ ब्लाँ बघा. घरच्या स्पर्धेत, क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात लाल कार्ड मिळालं. फ्रान्सनं विश्वचषक उचलला तेव्हा फायनलच्या संघात तो नव्हता. त्याच स्पर्धेत झिदानला सौदी अरेबियाविरुद्धच्या लाल कार्डाबद्दल दोन सामने बसवलं, त्यातला दुसरा पराग्वेविरुद्धचा बाद फेरीचा. २००२ ला रोनाल्डिन्यो इंग्लंडविरुद्ध बाहेर गेला आणि तुर्कस्तानविरुद्धची सेमी हुकली. हे खेळाडू मोठे नसतील तर मोठा कोण?

किती सामने, याचाही हिशेब फिफाच्या शिस्तसंहितेत आहे. गोलची उघड संधी बेकायदा अडवली तर एक सामना, धोकादायक टॅकलला किमान दोन, कोपर, ठोसा, लाथ, चावा यांना किमान तीन. एकाच सामन्यात दोन पिवळी मिळून लाल झालं तर पुढचा एक सामना.

आता पिवळ्या कार्डाचा मुद्दा. इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्यांचाच गोंधळ जास्त होतो, म्हणून जरा थांबू. पूर्वी वेगवेगळ्या दोन सामन्यांत पिवळं, म्हणजे ताकिदीचं, कार्ड मिळालं की पुढचा सामना जायचा, आणि सेमीतलं पिवळंही त्यात मोजलं जायचं. १९९० ला इटलीविरुद्धच्या सेमीत हँडबॉलसाठी पिवळं मिळालं आणि अर्जेंटिनाचा कनिहिया फायनलला मुकला. १९९४ ला इटलीच्या कोस्ताकुर्ताचं तेच झालं. २००२ ला बालाकनं कोरियाविरुद्ध ७१ व्या मिनिटाला पिवळं घेतलं, ७५ व्या मिनिटाला विजयी गोल केला आणि जर्मनी त्याच्याविना फायनल हरलं. अशी उदाहरणं साठल्यावर २०१० पासून विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी संपली की सुटं, म्हणजे जोडीला दुसरं नसलेलं, पिवळं पुसायला सुरुवात झाली. त्यामुळे सेमीत एक पिवळं मिळालं तरी फायनल जात नाही.

यातला ‘सुटं’ हा शब्द महत्त्वाचा. दुसरं पिवळं उपांत्यपूर्व सामन्यातच मिळालं तर ते पुसलं जात नाही, कारण तोवर बंदी लागलेली असते आणि ती सेमीत भोगायची असते. २०१० ला जर्मनीचा थॉमस म्युलर अर्जेंटिनाविरुद्ध असाच अडकला आणि स्पेनविरुद्धच्या सेमीला बाहेर बसला. २०१४ ला यजमान ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा कोलंबियाचा गोलकीपर चेंडू मारत असताना त्याला आडवा आला, दुसरं पिवळं ओढवून घेतलं, आणि पुढचा सामना होता जर्मनीविरुद्धचा १-७. आणि मेस्सीसाठी म्हणाल, तर २०२२ ला नेदरलँड्सविरुद्धच्या त्या कार्डांच्या पावसात मेस्सीच्याच संघातले अकून्या आणि मोन्तिएल क्रोएशियाविरुद्धच्या सेमीला मुकले. मोन्तिएलनं फायनलला परत येऊन शूटआउटची शेवटची पेनल्टी मारली, ती गोष्ट वेगळी.

स्पर्धा बदलली की कार्डं पुसायचा टप्पाही बदलू शकतो. म्हणून वाद घालण्याआधी त्या स्पर्धेची नियमावली उघडावी. मागच्या स्पर्धेची नव्हे.

‘मोठा देश अपील करतो’ या विधानाला थियागो सिल्वाचंच प्रकरण पुरेसं आहे. ब्राझीलनं अर्ज केला होता. फिफानं तो फेटाळला, कारण असा अर्ज मान्य करायला नियमांत आधारच नव्हता. मैदानावरचा रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो. कार्डाविरुद्ध तक्रार चालते ती एकाच कारणासाठी: रेफ्रीनं भलत्याच खेळाडूला कार्ड दाखवलं असेल तर. ‘फाउल नव्हताच’ हे कारण चालत नाही, मग देश ब्राझील असो की भूतान. शिवाय दोन सामन्यांपर्यंतच्या बंदीवर फिफाच्या अपील समितीकडे दाद मागता येत नाही, आणि लोझानच्या क्रीडा लवादाकडे जायचं तर बंदी चार सामन्यांहून किंवा तीन महिन्यांहून जास्त हवी. नॉकआउटमधली बहुतेक भांडणं एकदोन सामन्यांच्या बंदीवरून होतात, म्हणजे दोन्ही दारं बंद. उरुग्वेचा सुआरेझ लवादापर्यंत पोचू शकला याचं कारण त्याची शिक्षाच लांबलचक होती: २०१४ ला इटलीच्या कियेलिनीला चावल्याबद्दल ९ आंतरराष्ट्रीय सामने आणि सगळ्या फुटबॉलपासून चार महिने दूर. तिथेही शिक्षा कायम राहिली. फक्त सराव आणि मैत्रीपूर्ण सामने यांची परवानगी मिळाली.

‘रिप्ले बघून शिक्षा बेकायदा’ हे तर सुआरेझच्या नावापुढे टिकतच नाही. रेफ्रीच्या नजरेतून सुटलेल्या गंभीर गुन्ह्यावर समिती चित्रणाच्या आधारे कारवाई करू शकते. १९९४ ला स्पेनच्या लुइस एन्रिकेला कोपर मारणाऱ्या इटलीच्या तासोत्तीला अशीच आठ सामन्यांची बंदी मिळाली. २००६ ला अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यानंतरच्या धक्काबुक्कीत ठोसा मारल्याबद्दल जर्मनीचा फ्रिंग्स इटलीविरुद्धच्या सेमीआधी बाद झाला. यजमान देश, संघातला नेहमीचा मिडफिल्डर आणि समोर सेमी. ‘वाचवायचं’ असतं तर याहून चांगली वेळ कोणती होती? याची दुसरी बाजूही आहे. रेफ्रीनं प्रसंग पाहिला आणि सोडून दिला, तर हात बांधले जातात. २०१४ ला कोलंबियाच्या झुनिगाच्या गुडघ्यानं नेमारचा मणका मोडला, तरी म्हणूनच कारवाई झाली नाही.

सामना पुन्हा खेळवण्याची गोष्ट साफ चूक आहे, आणि इथल्या स्पर्धांतही हाच गैरसमज भांडणं लावतो. बंदी असलेला खेळाडू उतरवला तर सामना ०-३ नं गमावलेला धरतात. दक्षिण आफ्रिकेनं मार्च २०२५ मध्ये विश्वचषक पात्रतेत लेसोथोला २-० नं हरवलं. पण त्यात खेळलेल्या मोकोएनाची आधीची दोन पिवळी कार्डं मोजायची राहून गेली होती. सप्टेंबरमध्ये निकाल ०-३ झाला आणि वर १०,००० स्विस फ्रँकचा दंड. २०१३ ला इथिओपियानंही बोट्स्वानाविरुद्धचे तीन गुण असेच घालवले.

सगळ्यात बोचरं उदाहरण मात्र क्लबांचं आहे: २०१४, चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी. लेगिया वॉर्सॉनं सेल्टिकला दोन सामने मिळून ६-१ नं धुतलं. दुसऱ्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांसाठी लेगियाचा बेरेशिन्स्की उतरला. त्याची तीन सामन्यांची बंदी संपली, असा क्लबचा समज. तीन सामने तो बाहेर बसलाही होता. पण त्यातल्या दोन सामन्यांच्या फेरीसाठी त्याचं नाव खेळाडूंच्या यादीतच दिलेलं नव्हतं. यादीत नाव नाही, तर बंदी भोगली असं धरत नाहीत. दुसरा सामना ०-३ धरला, बेरीज ४-४ झाली आणि परक्या मैदानावर जास्त गोल केले म्हणून सेल्टिक पुढे गेलं. बंदी घरी बसून भोगता येत नाही, ती यादीत नाव देऊन भोगावी लागते.

सामना पुन्हा खेळवल्याचं उदाहरण आहे, पण कारण वेगळं. २००५ ला उझबेकिस्तान-बहरीन सामन्यात उझबेकिस्तानची पेनल्टी आत गेली. त्यांचाच खेळाडू आधी डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, घुसला होता. नियमानं पेनल्टी पुन्हा मारायला हवी होती. रेफ्रीनं बहरीनला फ्री किक दिली. ही नजरचूक नव्हती, नियमच चुकीचा लावला होता. उझबेकिस्ताननं १-० नं जिंकूनही तक्रार केली, सामना पुन्हा झाला, १-१ सुटला आणि अखेर बहरीन पुढे गेलं. तक्रार करणाऱ्यानंच हात पोळून घेतला.

आता रोनाल्डो. १३ नोव्हेंबर २०२५ ला डब्लिनमध्ये आयर्लंडच्या खेळाडूला कोपर मारल्याबद्दल लाल कार्ड, पोर्तुगालकडून त्याचं पहिलंच. शिक्षा तीन सामने, म्हणजे किमान होती तेवढीच. पण त्यातले दोन एका वर्षाच्या परिवीक्षेवर स्थगित ठेवले. एक सामना आर्मेनियाविरुद्ध भोगून झालेलाच होता, म्हणजे विश्वचषकाचा पहिला सामना मोकळा. वर्षभरात तसाच गुन्हा केला तर ते दोन सामने लागू होतील, असं हे कलम आहे.

कलम नवं नाही. फ्रिंग्सच्या दोन सामन्यांपैकीही एक असाच स्थगित होता. युरो २०२४ मध्ये हातवाऱ्यांबद्दल इंग्लंडच्या बेलिंगहॅमची एक सामन्याची बंदी युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, पूर्ण स्थगित ठेवली, तर त्याच स्पर्धेत तुर्कस्तानच्या देमिरालला गोल केल्यावरच्या हाताच्या खुणेबद्दल दोन सामने प्रत्यक्ष बसवलं आणि उपांत्यपूर्व सामना हुकला. दोन खुणा सारख्या नव्हत्या, हे मान्य. पण स्थगिती कुणाला, किती आणि का, याचं मोजमाप नियमात दिलेलं नाही. ते समितीच्या मर्जीवर आहे. फिफाला जाब विचारायचा असेल तर तो इथे विचारा. विश्वचषकाच्या तोंडावर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध खेळाडूला ही सवलत मिळाली, त्यावर बोट ठेवणारा माणूस वेडा नाही. त्यासाठी गॅरिंचाला उठवायची गरज नव्हती.

फिफाचा नियम जसाच्या तसा उचलून इथल्या चार दिवसांच्या सेव्हन-अ-साइड स्पर्धेला लावणाऱ्यांसाठी थोडं. कतारला कार्डं पुसण्याआधी प्रत्येक संघाचे पाच सामने होत होते. १६ संघांची थेट नॉकआउट घेतलीत तर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत दोनच होतात, त्यामुळे दोन्हीत पिवळं घेणाराच सेमीला अडकेल. हे चालणार असेल तर तसं पत्रकावर छापा, आणि तक्रार किती वेळात लेखी द्यायची तेही. विश्वचषकात ती मुदत सामना संपल्यापासून दोन तास होती. टेबलावर कार्डांची वही एकाच माणसाकडे ठेवा. त्याला एवढं माहीत हवं: एकाच सामन्यात दोन पिवळी मिळून लाल झालं तर ती पिवळी पुढच्या हिशेबात धरायची नाहीत, पण आधी पिवळं आणि मग थेट लाल मिळालं, तर ते पिवळं खात्यावर राहतं. आणि बंदीवाल्या खेळाडूचं नाव टीमशीट घेतानाच खोडायचं, सामना सुरू झाल्यावर नाही.