९८७ बायका आणि दोन सुया: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं: इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटने ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी कल्पनारम्य मालिकेच्या ४१ कादंबऱ्यांत तेच ते विनोद दळलेत, ‘शिवणकामवाल्या बायका’ हा तर आडपडद्याने केलेला चावटपणा आहे, आणि मराठीत आणायला गेलं तर यातलं काहीच उरणार नाही. पहिले दोन आरोप मला मान्य नाहीत. तिसरा अर्धा मान्य आहे.

शिवणकामापासूनच सुरू करू. या मालिकेतल्या अँख-मॉर्पोर्क शहरात वेश्यांना ‘सीमस्ट्रेस’, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या, म्हणतात. १९८९ च्या ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’मध्ये डोंगरातल्या खाणीत, ठेंगूंच्या घरी वाढलेला कॅरट पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी शहरात येतो, मिसेस पामकडे उतरतो आणि घरी पत्र लिहितो. बाईंना पुष्कळ मुली आहेत, सगळ्या प्रेमळ आहेत, त्यांच्याकडे पाहुण्यांचा सारखा राबता असतो, असं त्याला मनापासून वाटतं. शहराला ठाऊक, वाचकाला ठाऊक, फक्त पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. आडशब्दावरचा विनोद चालायला असा एक अजाण माणूस लागतो.

१९९३ च्या ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये तोच शब्द तळटिपेत येतो, आणि तिथे अजाण कुणीच नाही. गोदीच्या भागातल्या पाहणीत ९८७ बायकांनी आपला धंदा ‘शिवणकाम’ असा सांगितला, आणि सुया निघाल्या दोन. यात चावट शब्द दाखवा पाहू. सगळा भार आकड्यांवर आहे, आणि ‘दोन’ अगदी शेवटी येतो म्हणून हसू येतं. ‘दोनच सुया असलेल्या ९८७ बायका’ असं वाक्य केलंत की विनोद जागीच मेला. पुढे या बायकांचा रीतसर गिल्ड, म्हणजे धंद्याचा संघ, आहे, पामबाई त्याच्या प्रमुख आहेत, आणि शहराचा कारभारी त्यांना इतर गिल्डांच्या प्रमुखांइतकाच मान देतो. म्हणजे लाजेखातर घेतलेला शब्द दप्तरी नोंदला गेला.

मग २००२ चं ‘नाइट वॉच’. गोष्ट तीसेक वर्षं मागे जाते. पामबाई तरुण आहेत, गिल्ड अजून व्हायचाय, आणि त्या वस्तीत सँड्रा नावाची एक मुलगी खरोखरच शिवणकाम करते. बंड होतं, रस्त्यावर अडथळे उभे राहतात, आणि बंडवाल्यांच्या घोषणेत सत्य, न्याय, स्वातंत्र्य यांच्या पंगतीला ‘रास्त दरात प्रेम’ येऊन बसतं, शेजारी एक उकडलेलं अंडं. त्या बंडात माणसं मरतात. वाचलेले लोक दर २५ मे रोजी लायलॅकची फुलं लावतात. कॅरटच्या पत्रावर हसलेला वाचक इथवर येतो तेव्हा त्याला हसवत नाही. तेरा वर्षं हा शब्द जागता ठेवला नसता, तर ‘रास्त दरात प्रेम’ ही ओळ नुसती थट्टा वाटली असती. याला दळण कसं म्हणायचं?

तुमचा आक्षेप पहिल्या दोन पुस्तकांपुरता असता तर मी वाद घातला नसता. तिथे पायांवर चालणाऱ्या त्या जादूच्या पेटीच्या करामती खरंच फार वेळा येतात.

आता मराठी. शिवणकामाच्या बाबतीत आपली भाषा उलट मदतच करते. ‘शिवणे’ म्हणजे टाका घालणं आणि स्पर्श करणंही. ‘कावळा शिवला’ म्हणून महिन्याची अडचण सांगणाऱ्या, दिवा ‘विझवला’ न म्हणता ‘वाढवला’ म्हणणाऱ्या भाषेला आडशब्द शिकवावे लागत नाहीत. ‘शिंपीण’ मात्र नको, तो शब्द जातीकडे जातो आणि नसता अपमान होतो. ‘शिवणवाल्या’ चालेल.

सॉसेज विकणारा डिबलर म्हणतो, ‘या भावात देतोय म्हणजे स्वतःचाच गळा कापतोय.’ मराठीत गळा कापणारा दुकानदार म्हणजे गिऱ्हाइकाला लुबाडणारा, त्यामुळे ‘स्वतःचाच’ या शब्दावर जोर दिला की वाक्य आपोआप धारदार होतं. शिवाय हा विनोदही जागचा हलतो. १९९२ च्या ‘स्मॉल गॉड्‌स’मध्ये दुसऱ्या देशातला त्याच्यासारखाच विक्रेता स्वतःचा हात तोडतो, आणि १९९४ च्या ‘इंटरेस्टिंग टाइम्स’मधल्या पूर्वेकडच्या साम्राज्यातला इज्जतीने पोट फाडून घेतो. विक्रेता तोच, शपथ त्या त्या मुलखाची.

अडतं ते जादूगारांच्या विद्यापीठातल्या ग्रंथपालापाशी. तो १९८६ च्या ‘द लाइट फॅन्टॅस्टिक’मध्ये ओरांगउटान होतो, आणि पुढे त्याला कुणी माकड म्हटलं की त्याची हाडं मोडतो, कारण तो ‘एप’, म्हणजे बिनशेपटीचा, आहे. आपल्याकडे ‘वानर’ म्हटलं की लांब शेपटीचं, काळ्या तोंडाचं माकडच डोळ्यांपुढे येतं. पाठ्यपुस्तकातला ‘कपि’ अचूक आहे, पण त्याने हनुमान आठवतो. इथे मी भेद शेपटीवर नेईन: मार खाणाऱ्याच्या शेजारच्या माणसाने दबक्या आवाजात विचारावं, ‘अरे, त्याला शेपूट आहे का?’ पहिल्यांदा एवढं आलं की पुढच्या प्रत्येक वेळी नुसतं ‘माकड’ पुरतं, वाचक मार कधी पडतो याची वाट बघतो.