सत्कार स्वीकारला असे समजावे

रविवारी माझा सत्कार झाला. टॉवेल, टोपी, नारळ. दीड तासाने त्यातला नारळ परत नेला. आज गुरुवार, आणि मी अजून त्या नारळाबद्दल बोलतोय असं बायकोचं म्हणणं आहे. मी बोलत नाहीये. लिहितोय.

कराडजवळचं मंगल कार्यालय. पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, अक्षता पडल्या पावणेदोनला. का, ते आमच्या भागातल्या लग्नाला एकदा तरी उन्हात उभं राहिलेल्याला सांगायला नको. नवरा-नवरी हार हातात घेऊन उभे, अंतरपाट धरणाऱ्यांच्या दंडाला कळ लागलेली, आणि माइकवर आगमन चालू. अमुक सोसायटीचे माजी चेअरमन, तमुक गावचे विद्यमान उपसरपंच, त्यांच्यासोबत आलेले त्यांचे सर्व सहकारी. मग आभार. मांडववाले, आचारी, केटरिंगची पोरं, बँडवाले, पार्किंगला ज्यांनी आपलं रान मोकळं करून दिलं ते शेजारी, आणि ते रान ज्याने सपाट केलं तो जेसीबीवाला. शेवटी ठरलेलं वाक्य: ‘वेळेअभावी प्रत्येकाचा सत्कार करणे शक्य नाही, तरी सर्वांनी सत्कार स्वीकारला असे समजावे.’

माझ्या धंद्याला 22 वर्षं झाली. 22 वर्षं मी समजतोय.

पण रविवारी आक्रीत घडलं. नवरीच्या वडिलांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, “थांबा, आमचं फोटोवालं राहिलं.” 1994 साली त्यांचं लग्न माझ्या वडिलांनी काढलं होतं. (आमच्यात लग्न ‘काढतात’. लावतात ते भटजी.) 3 रोल, प्रत्येकात 36, म्हणजे 108 फोटो. वडील म्हणायचे, देवाचीसुद्धा 108 नावं पुरतात, ह्यांना कशाला जास्त लागतील? त्यातला एकही फोटो वाया गेला नाही, असं त्या माणसाने भर मांडवात सांगितलं. मला स्टेजवर बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टेजकडे तोंड न करता पाठ करून उभा राहिलो. समोर हजारभर माणसं आणि प्रत्येकाचा मोबाइल वर. पण तो माझ्यासाठी नव्हता. माझ्यामागे नवरी होती.

पोटात काहीतरी हललं हे कबूल करतो. आमच्या वडिलांची शिकवण अशी की गिऱ्हाइकाच्या घरचं मीठ खाल्लं की त्याचे उपकार. सीझनचा पहिला प्रिंट आधी देव्हाऱ्यात ठेवायचे, मग गिऱ्हाइकाला. माझ्या मुलीने त्याच शिकवणीचं कार्ड छापून घेतलंय: ‘आपल्या आनंदात आम्हाला सहभागी करून घेतल्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.’ प्रत्येक अल्बमच्या पेटीत एक कार्ड जातं. भाऊ व्हिडिओ बघतो, बायको अल्बम डिझाइन करते, मुलगी इन्स्टाग्राम आणि कृतज्ञता बघते. उरलेलं सगळं, म्हणजे उन्हात उभं राहणं, माझ्याकडे.

माझ्या सत्काराचा फोटो आमच्या असिस्टंट पोराने काढला. एकच काढला. त्यात माझं मुंडकं कापलं गेलंय, टोपीसकट. हनुवटीपासून खाली मी आहे, आणि नारळ इतका शार्प आलाय की शेंडीचा केस न् केस मोजून घ्यावा. पोरगा म्हणाला, “ऑटोफोकस नारळावर गेला.” ऑटोफोकसलासुद्धा कळतं कशाची किंमत जास्त.

आता जेवण. फोटोवाल्याचं जेवण हे एक वेगळंच प्रकरण आहे. पहिल्या पंगतीला आम्ही स्टेजवर, दुसरीला फॅमिली ग्रुप. फॅमिली ग्रुपमध्ये 42 माणसं गोळा होतात आणि त्रेचाळिसावा जावई रुसून गाडीत बसलेला असतो. त्याला आणेपर्यंत बाकीचे पाच जण हात धुवायला जातात. ते येईपर्यंत जावई पुन्हा रुसतो. विहिणीच्या पंगतीत आम्ही ताटांचे फोटो काढतो, उपाशीपोटी, जिलेबीचे, क्लोजअप. तेव्हा कुठे सव्वातीनला मी आणि पोरगा पत्रावळीवर बसलो. मसालेभात गार, मठ्ठा गरम. पहिला घास तोंडात गेला आणि शेजारी दोन पाय येऊन उभे राहिले.

हे नवरीचे चुलते. सगळे त्यांना आण्णा म्हणत होते. सकाळपासून त्यांच्या हातात एक पिशवी आणि खिशात एक यादी. लग्नातलं सत्काराचं खातं त्यांच्याकडे होतं आणि खातं त्यांनी असं सांभाळलं होतं की जिल्हा बँकेने बघून जावं.

“जेवताय व्हय? जेवा, जेवा. सावकाश जेवा.”

‘सावकाश जेवा’ म्हणून जो माणूस तिथून हलत नाही, त्याच्यासारखी घाई लावणारा दुसरा नाही.

“काय आण्णा?”

“काय न्हाई. त्यो नारळ कुठं ठेवलाय?”

“बॅगेत.”

“कंच्या?”

“लेन्सच्या.”

आण्णांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी पसरली. “आवो, आपटून फुटंल की लेन्स! म्हागाची आसती. काढा भायेर, काढा.”

मी म्हटलं, फडक्यात गुंडाळलाय, काही होत नाही. आण्णा खाली बसले. उकिडवे. आवाज खाली आणला.

“चेअरमन आल्यात.”

“बरं.”

“आत्ता. यायचं न्हवतं, पर आलं. नारळ पंचवीस आणलं हुतं. तेवीस वाटलं. येक गाडीम्होरं फोडला.”

“मग?”

“मग पंचविसावा तुमच्यापाशी.”

मी घास गिळला. मला वाटलं गंमत करताहेत. पण आण्णांच्या हातात यादी होती आणि माझ्या नावापुढे (‘फोटोवालं’) पेनने टिंब मारलेलं होतं.

“आण्णा, सत्काराचा नारळ परत घेऊ नये म्हणतात.”

“कोण म्हंतं?”

“माझी आई.”

“आईस्नी नमस्कार सांगा.” मग थोडा वेळ त्यांनी माझ्या ताटातल्या जिलेबीकडे बघितलं आणि समजूत काढायच्या सुरात म्हणाले, “हे बगा, सत्कार झाला का न्हाई? झाला. लोकांनी बगितला का न्हाई? बगितला. फोटू निघाला का न्हाई? निघाला. आता नारळाचं काय काम ऱ्हायलं? नारळ ह्ये निमित्त आसतंय.”

इतकं स्वच्छ अद्वैत मी कीर्तनातही ऐकलेलं नाही.

“शाल ऱ्हाऊ द्या तुमाला.”

“शाल नव्हती दिली. टॉवेल दिला होता.”

“मग टॉवेल ऱ्हाऊ द्या.” आणि थांबून, “घडी मोडलीया का?”

मोडली होती. टॉवेल वाचला तो एवढ्यावरच. मी उष्टा हात तसाच धरून डाव्या हाताने बॅगेची चेन उघडली आणि 85 एमएमच्या लेन्सशेजारून नारळ काढून दिला. आण्णांनी तो कानाशी नेऊन हलवला. आत पाणी आहे याची खात्री पटल्यावर उठले. मी काय पाणी काढून घेतलं असतं? “उद्या दोन पाठवून द्येतो,” म्हणाले आणि जाता जाता वाढप्याला ओरडून सांगितलं, “फोटोवाल्यास्नी जिलेबी वाढ रं!” जिलेबी संपली होती.

उद्या म्हणजे सोमवार. तो गेला. मंगळवार, बुधवारही गेले. नारळ 40 रुपयांना मिळतो, माझ्या दुकानासमोर गाडा आहे, मी आत्ता उठून दोन आणू शकतो. प्रश्न तो नाही. बायको म्हणते प्रश्न तोच आहे.

आमच्या धंद्याचा सण 19 ऑगस्टला असतो. 1839 साली त्या दिवशी पॅरिसमध्ये दागेर नावाच्या फ्रेंच माणसाची फोटो काढायची कृती सगळ्या जगासाठी जाहीर झाली, आणि त्याबदल्यात फ्रेंच सरकारने दागेरला आजन्म पेन्शन दिली. दीड तासाने कोणी परत मागायला गेलं नाही. आम्ही त्या दिवशी तालुक्यातले फोटोग्राफर जमतो, कॅमेऱ्याला हार घालतो आणि एकमेकांचा सत्कार करतो. बाहेरचं कोणी करत नाही म्हणून. नारळाचीही वर्गणी काढतो.

चिडलोच आहे तर बाकीचंही सांगून टाकतो. अंतरपाट खाली येतो तो क्षण दीड सेकंदाचा. त्या दीड सेकंदासाठी मी सकाळी 6 पासून उभा असतो. आणि नेमकं तेव्हा नवऱ्याची आत्तेबहीण माझ्यासमोर हात लांब करून मोबाइल धरते. माझ्या फ्रेममध्ये नवरीच्या जागी मोबाइलच्या स्क्रीनवरची नवरी येते, तीही हललेली. अक्षतांचं तर काय सांगू. नवऱ्यापर्यंत किती पोचतात माहीत नाही, लेन्सच्या हुडमध्ये वाटीभर निघतात. परवा घरी आल्यावर बायकोने बॅग झाडली तेव्हा तांदूळ, कुंकू आणि एक बदाम निघाला. बदाम कोणी मारला असेल?

आणि पैसे. अर्धे आधी, उरलेले अल्बम नेताना, असा सौदा. म्हणून लोक अल्बमच नेत नाहीत. साडेतीन हजार फोटो पाठवून देतो, यातले दीडशे निवडा म्हणतो. दीड वर्ष निवडतात. माझ्या कपाटात 12 बाय 36 चे अकरा अल्बम पडून आहेत, कृतज्ञतेच्या कार्डासकट. त्यातल्या एका जोडीचं बारसंसुद्धा मी काढलं, अल्बम अजून इथेच. एका जोडीचा काडीमोड झाला. त्यांच्या वडिलांना फोन केला, तर म्हणाले, “आता तो अल्बम घेऊन आम्ही काय करू?” बरोबर आहे त्यांचं. पण मी तरी काय करू? बारा पानं दोघांच्या प्री-वेडिंगची आहेत, मेणवलीच्या घाटावर, पाण्यात पाय सोडून. त्या दिवशी मुलाची चप्पल कृष्णेत वाहून गेली होती आणि मी पॅन्ट वर करून काढून आणली होती. हिशेबात ती कुठे लावायची?

तसे न मागता पैसे देणारेही असतात. ते वेगळ्या कामाला येतात. कोणाचं तरी लग्न, कोणाची तरी वास्तुशांत, त्यातला एक ग्रुप फोटो घेऊन येतात आणि मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवतात. “ह्यांना एकट्यांना मोठं करून द्या. परवा दहावा आहे.” चेहरा नखाएवढा असतो. बऱ्याचदा अर्धा कोणाच्या तरी फेट्यामागे. पूर्वी वडील ब्रशने काढायचे, आता मी कॉम्प्युटरवर करतो. शर्टची कॉलर नीट करतो, मागचा केळीचा खांब घालवतो. घरच्यांनी सांगितलं तर कोट चढवतो. आयुष्यभर बंडी घातलेल्या किती म्हाताऱ्यांना मी कोट घातलाय! ही माणसं घासाघीस करत नाहीत. फ्रेम हातात घेतात, बघत राहतात, “किती झाले?” असं दोनदा विचारतात. मागे एका बाईने जाताना पाच रुपयांची कॅडबरी काउंटरवर ठेवली होती. त्या बाईचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नारळाचं मात्र पाच दिवसांत सगळ्या पेठेला सांगून झालं.

तर हे डोकी बसवण्याचं कसब माझ्याकडे आहे, आणि ते सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. म्हणून काल रात्री 9 वाजता फोन आला.

“फोटोवालं, आण्णा बोलतूय.”

मला वाटलं नारळ.

“येक घोटाळा झालाय. चेअरमनच्या सत्काराचा फोटू दिसंना.”

“तो निघालाच नाही, आण्णा.”

“का?”

“मी जेवत होतो.”

“आन् त्ये पोरगं?”

“तेही. तुम्हीच म्हणालात, सावकाश जेवा.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आण्णा, सकाळपासून शोधलेली वाट सापडल्यासारखे म्हणाले, “तुमचा येक फोटू हाय बगा. नारळ घेताना. त्यात तुमाला डोस्कंच न्हाई.”

“नाही.”

“मग तितं चेअरमनचं बसवा की! जागा मोकळीच हाय.”

मी म्हटलं, आण्णा, अंगात माझा काळा टी-शर्ट आहे, छातीवर आमच्या स्टुडिओचं नाव आहे. “पांढरा करा. नाव पुसा.” दुसरा कॅमेरा गळ्यात लटकतोय. “पट्टा काढा.” हात माझे आहेत. “हातावरनं कोण वळखतंय?” टोपी डोक्याबरोबर कापली गेली आहे. “ती तुमच्याकडंच हाय न्हवं? टेबलावर ठिवून फोटू काढा आन् चेअरमनला घाला.”

“आण्णा, ह्याचे एडिटिंगचे 500 होतील.”

“आवो,” आण्णांना मनापासून लागलं होतं, “सत्कार केला न्हवं का तुमचा!”

रात्री साडेअकराला बसलो. चेअरमनचं डोकं मिळालं, जेवणानंतर फेरे चालू असताना ते मागे फोनवर बोलत होते, त्यातलं. माझ्या खांद्यांवर थोडं मोठं होतं, लहान केलं. शर्ट पांढरा केला. बायको दूध घेऊन आली, खुर्चीमागे उभं राहून बघत राहिली.

“नाव पुसलं?”

“पुसलं.”

“पट्टा?”

“तोही पुसला.”

“आणि नारळ?”

“नारळाला हात लावायची गरज नाही,” मी म्हटलं. “तो त्यांचाच आहे.”