दुरुस्तीचे हात नाशिकला, दुरुस्तीचा हक्क युरोपात

गेल्या दिवाळीत, म्हणजे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये, मी नाशिकला घरी आले होते, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर एक वाद रंगला होता. युरोपीय संघाने फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप यांच्यासाठी एकामागून एक नियम केल्यामुळे वस्तू महाग होतात, नव्या कल्पनांना खीळ बसते आणि भारताने असल्या भानगडीत पडू नये, असे बहुतेकांचे म्हणणे होते. 'आपल्याकडे अर्ध्या तासात फोन दुरुस्त होतो, कायदा कशाला हवा?' असे एका मित्राने लिहिले आणि ते अनेकांनी उचलून धरले. मी गेली अकरा वर्षे जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहते. तिथले नियम मी ग्राहक म्हणून अनुभवते आणि नाशिकचा दुरुस्तीचा बाजारही मला परका नाही, म्हणून गटावरच्या चार ओळींत न मावणारे उत्तर इथे देत आहे.

मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि ते त्याच दिवाळीत मी डोळ्यांनी पाहिले. आईचा 2019 सालचा टॅबलेट बॅटरी फुगल्यामुळे एका बाजूने उचलला गेला होता. तो घेऊन मी महात्मा गांधी रोडवरच्या प्रधान पार्कमध्ये गेले. तिथे हातभर रुंदीच्या टेबलामागे बसलेल्या पंचविशीच्या कारागिराने हीट गनने कडा गरम केल्या, प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवत स्क्रीन सोडवला आणि ती उशीसारखी झालेली बॅटरी इतक्या सावकाश उचलली की मी श्वास रोखून पाहत राहिले. 'टोचली तर पेट घेते ताई, इथं घाई चालत नाही,' एवढेच तो बोलला. नंतर त्याने सैल झालेला चार्जिंग जॅकही भिंगाखाली नवा बसवला. सगळे मिळून पाऊण तास लागला आणि 1,400 रुपये झाले. जर्मनीत माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, तेव्हा एका दुकानाने नुसत्या तपासणीचे 60 युरो घेतले, दोन आठवडे लावले आणि दुरुस्तीचा जो अंदाज दिला, तो नव्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीइतका होता. असे हात युरोपात दुर्मीळ झाले आहेत, आणि ते नाशिकने जपावेत असे मला मनापासून वाटते.

परंतु टॅबलेट घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी आईच्या बँकेचे ॲप उघडेना. ॲपला अँड्रॉइडची नवी आवृत्ती हवी होती आणि कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणे केव्हाच बंद केले होते. स्क्रीन स्वच्छ, बॅटरी कोरी, जॅक घट्ट, आणि तरीही ज्या कामासाठी आई तो टॅबलेट वापरत असे, ते काम होईना. प्रधान पार्कमधला कितीही कसबी कारागीर इथे काही करू शकत नाही, कारण बिघाड टॅबलेटमध्ये नसून कंपनीच्या निर्णयात आहे. गटावरच्या वादात हा मुद्दा कोणीच काढला नव्हता.

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून जे नियम फोन आणि टॅबलेट यांना लागू झाले, ते नेमके या निर्णयाला हात घालतात. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान 5 वर्षे त्याला अपडेट मिळाले पाहिजेत आणि महत्त्वाचे सुटे भाग 7 वर्षे उपलब्ध राहिले पाहिजेत. बॅटरी 800 वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही तिच्यात मूळच्या 80 टक्के क्षमता उरली पाहिजे, म्हणजे रोज एकदा चार्ज करणाऱ्यालाही दोन वर्षांहून जास्त काळ ती खणखणीत चालावी. यातला 'विक्री थांबल्यानंतर' हा शब्दप्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे दिवाळीच्या सवलतीत जे मॉडेल स्वस्त मिळते, ते बहुधा दीड-दोन वर्षांपूर्वीचे असते. अपडेटची वर्षे मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजली, तर सवलतीत घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातली उरलेलीच येतात, आणि सवलतीची वाट पाहणारा ग्राहक हा सहसा ज्याला वस्तू सर्वांत जास्त वर्षे पुरवायची असते तोच असतो.

सुट्या भागांचा नियम तर ग्राहकापेक्षा कारागिराच्या अधिक उपयोगाचा आहे. त्या मुलाने माझ्यापुढे दोन बॅटऱ्या ठेवल्या होत्या, एक 'कॉपी' आणि एक 'ओरिजिनल', आणि मी खोदून विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितले की 'ओरिजिनल'सुद्धा मुंबईच्या व्यापाऱ्याच्या शब्दावर ओरिजिनल आहे. एवढे कौशल्य असलेल्या माणसाला कोणाच्या तरी शब्दावर विसंबून ग्राहकाच्या हातात बॅटरी द्यावी लागते, याचे मला फार वाईट वाटले. युरोपात कंपनीने व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना अस्सल भाग आणि दुरुस्तीची माहिती देणे बंधनकारक आहे. तेव्हा कायदा कारागिराच्या पोटावर पाय देतो, ही गटातली समजूत उलटी आहे.

नियम कुठे आहे यावर काय अवलंबून असते, याचे उदाहरण त्याच महिन्यात घडले. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टने तिला नेहमीचे मोफत अपडेट देणे थांबवले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे असंख्य लॅपटॉप त्या दिवशी जुने ठरले. मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट देऊ केले, पण युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे युरोपीय संघ आणि त्याच्याशी जोडलेल्या काही देशांतल्या, घरगुती ग्राहकाला ते केवळ खात्यात प्रवेश केल्यावर मोफत मिळाले, तर इतरत्र त्यासाठी संगणकाच्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडमध्ये ठेवणे, मायक्रोसॉफ्टच्या सेवा वापरून जमणारे रिवॉर्डचे 1,000 गुण मोडणे किंवा 30 डॉलर भरणे, यांतला एक पर्याय निवडावा लागला. माझ्या आणि दादाच्या लॅपटॉपमध्ये तीच प्रणाली होती. फरक एवढाच होता की माझ्यामागे ग्राहक संघटनांचा दबाव आणि कायदा उभा होता, आणि दिंडोरीत द्राक्षबाग सांभाळणाऱ्या दादामागे कोणी नव्हते.

दादाला हे समजावून सांगावे लागले नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांनी केवढे नुकसान सोसले, हे त्याने जवळून पाहिले आहे. त्यानंतर फवारणीच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतल्या तपासण्या अधिक काटेकोर झाल्या, आणि आज त्या बागेच्या कामाचाच भाग आहेत. घेणाऱ्याने अट घातली की पिकवणारा ती पाळतो, हे नाशिकला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. मग घेणारे आपण असताना आपण अट का घालू नये, हा त्याचा प्रश्न मला गटावरच्या शंभर संदेशांपेक्षा वजनदार वाटला.

अट घालण्याने नवनिर्मिती थांबते, हा आक्षेप चार्जिंगच्या बाबतीत तरी टिकला नाही. सगळ्या उपकरणांना यूएसबी-सी हे चार्जिंगचे एकच तोंड असावे, असा युरोपने 2022 मध्ये कायदा केला, आयफोन 15 सप्टेंबर 2023 मध्येच यूएसबी-सी घेऊन आला, 28 डिसेंबर 2024 पासून फोन, टॅबलेट, हेडफोन, कीबोर्ड, माउस यांना ते बंधनकारक झाले आणि लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 ही तारीख ठरली. ब्रुसेल्समधल्या त्या निर्णयाचा फायदा कॉलेज रोडवरच्या ग्राहकालाही आयता मिळाला. मात्र तोंड एक झाले म्हणून वायर एक होत नाही. भाच्याचा नवा लॅपटॉप चार्ज होत असूनही टक्के उतरत होते, कारण त्याने जुन्या हेडफोनची वायर लावली होती. यूएसबी-सीची दोन्ही बाजूंनी सी असलेली साधी वायर 60 वॉटपर्यंत वीज नेते. त्यापुढे, 240 वॉटपर्यंत, जायचे तर वायरीच्या टोकात ओळख पटवणारी चिप लागते, आणि बाहेरून दोन्ही वायरी अगदी सारख्या दिसतात. त्यामुळे घेताना वायरीवर किंवा खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा पाहावा, आणि तो नसेल तर कितीही जाड दिसली तरी ती वायर घेऊ नये.

महागाईचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण नाशिकमध्ये 3,000 रुपयांचा फरक पुष्कळ घरांत मोठा असतो. तरीही हिशोब वर्षांवर मांडावा. 20,000 चा टॅबलेट तीन वर्षांत बाद झाला, तर वर्षाला 6,600 हून अधिक रुपये पडतात. तोच 23,000 ला घेऊन सहा वर्षे चालला, तर 4,000 च्या आत पडतात.

भारतात काहीच घडत नाही असेही नाही. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, आणि वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे हे दाखवणाऱ्या निर्देशांकासाठी 2024 मध्ये नेमलेल्या समितीने 2025 च्या मे महिन्यात अहवाल दिला. फ्रिज घेताना आपण 2006 पासून तारे मोजत आलो आहोत, त्यामुळे खोक्यावरची अशी खूण नाशिकच्या ग्राहकाला लगेच समजेल. प्रश्न त्या खुणेत काय काय मोजले जाईल हा आहे.

प्रधान पार्कमधल्या त्या कारागिराला मी जर्मनीतल्या सुट्या भागांच्या नियमाबद्दल सांगितले, तेव्हा त्याने चिमटा खाली ठेवून एकच विचारले, 'पण ताई, भाव काय लावतात?' बॅटरी मिळते पण परवडत नाही, अशी अवस्था झाली तर नियम कागदावरच राहतो, हे त्याला धंद्यातून पक्के ठाऊक होते. फ्रान्सने 2021 मध्ये आणलेल्या निर्देशांकात सुट्या भागांच्या किमतीलाही गुण ठेवले आहेत. आपल्या निर्देशांकातही ते असावेत, अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते खोक्यावर ठळक छापलेले असावे, आणि अस्सल भाग केवळ कंपनीच्या अधिकृत केंद्रांना न मिळता हातभर टेबलामागे बसलेल्या त्या मुलालाही मिळावेत, एवढी मागणी आमच्या शाळेच्या गटाने ग्राहक व्यवहार विभागाकडे लेखी पाठवावी. मसुदा मी लिहून ठेवला आहे.