कॅट सायलेन्सरमध्ये का नको: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

बाइकचं इंजिन बसवलेल्या किट कारच्या (सुटे भाग जोडून बनवलेल्या गाडीच्या) एक्झॉस्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मागे सायलेन्सरमध्ये न ठेवता कलेक्टरजवळ (सिलिंडरांचे पाइप जिथे एकत्र येतात तिथे) बसवा, असं मी त्यात सांगितलं होतं. "कागदी शहाणपण", "साध्या कामाचा बाऊ", "वेल्डिंगची टॉर्च कधी हातात न धरलेला माणूस" हे शब्द तुमचे आहेत. मतभेदाचं मला वावडं नाही. पण लेखात मापं होती, कारणं होती. त्यातलं नेमकं कोणतं चुकलं हे सांगायची तसदी तुम्ही घेतलेली नाही. असे एक्झॉस्ट बनवणं हे माझं वर्षानुवर्षांचं रोजचं काम आहे. टॉर्चबद्दल लिहिण्याआधी एवढं विचारलं असतंत तरी चाललं असतं.

तुमची एक गोष्ट मान्य. फ्लेक्स जोडाला, म्हणजे पाइपमधल्या लवचीक तुकड्याला, मी एकच ओळ दिली, ती अपुरी होती. 304 स्टेनलेसचा मीटरभर पाइप 600 अंशांनी तापला की साधारण 1 सेंटीमीटरने लांबतो. त्यात इंजिन रबरी माउंटवर हलतं आणि सायलेन्सर बॉडीला पक्का असतो. फ्लेक्स नसेल तर तडा हेडरच्या (इंजिनाला जोडलेल्या पहिल्या पाइपांच्या) फ्लँजजवळच्या वेल्डला जातो. फ्लेक्स आतून अस्तर असलेलाच घ्यावा आणि तो लॅम्डा सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) पुढे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला बसवावा. तो गळायला लागला तरी सेन्सरचं वाचन मग बिघडत नाही.

आता तुमचं मुख्य वाक्य: "कॅट मागे सायलेन्सरमध्ये टाकला तरी चालतो, टेस्टआधी गाडी पिटाळली की झालं."

नाही चालत. ब्रिटनमध्ये कॅटवाल्या गाडीचा धूर 2500 ते 3000 आरपीएमला, गाडी उभी असताना तपासतात. तिथे कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्के, हायड्रोकार्बन 200 पीपीएम आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप, 1 म्हणजे नेमकं) 0.97 ते 1.03 या मर्यादा आहेत. कारच्या इंजिनाला हा वेग म्हणजे नेहमीची चाल. सुझुकी हायाबुसा किंवा यामाहा आर1 या बाइकचं इंजिन मात्र 1100-1200 ला आयडल होतं आणि खरी ताकद 10,000 च्या आसपास देतं. बिनभाराचे 2500 म्हणजे त्याच्यासाठी जेमतेम जागं असणं. वायूचा प्रवाह तुटपुंजा, उष्णता तुटपुंजी. कॅट साधारण 250 ते 300 अंशांच्या पुढेच काम सुरू करतो. कलेक्टरपासून दीड मीटर लांब, वाऱ्यावर उघड्या पाइपच्या टोकाला तो तेवढा गरम राहत नाही. पिटाळून आणलात तरी रांगेत थांबता, तपासनीस आधी बाकीची पाहणी करतो, आणि तोवर पातळ पत्र्याचा धातूचा गाभा थंड झालेला असतो. तो जितक्या लवकर तापतो, तितक्याच लवकर निवतो.

शिवाय या इंजिनांचं व्हॉल्व्ह ओव्हरलॅप (आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) मोठं असतं. कमी वेगाला न जळलेलं पेट्रोल आणि हवा सरळ एक्झॉस्टमध्ये सुटतात, म्हणून हायड्रोकार्बन आधीच चढलेलं असतं. कॅटची खरी गरज ज्या वेगाला आहे, नेमक्या त्याच वेगाला तुम्ही त्याला थंड ठेवताय.

मग अगदी हेडरला चिकटवायचा का? तेही नको. ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलला तिथला वायू इतका तापतो की गाभ्यावरचा थर मरतो. म्हणून मी कलेक्टरच्या तोंडापासून साधारण 30 सेंटीमीटर सांगितलं, आणि तिथवर पाइपला हीट रॅप. 1000 ते 1300 सीसीला 100 मिलिमीटर व्यासाचा, 100 मिलिमीटर लांबीचा, 200 सेलचा (दर चौरस इंचाला 200 छिद्रांचा) धातूचा गाभा पुरतो. आत जाणारा कोन लांबट हवा. पाइप एकदम डब्यात उघडला तर सगळा वायू मधल्याच भागातून जातो, मधला भाग जळतो आणि कडेचा निकामी पडून राहतो. सेव्हन पद्धतीच्या (लोटस सेव्हनसारख्या उघड्या, छोट्या) गाडीत इंजिन बाइकमधल्यापेक्षा काटकोनात वळवलेलं असल्यामुळे एक्झॉस्टची पोर्ट डावीकडे येतात, म्हणजे ब्रिटनच्या गाडीत सहप्रवाशाच्या कोपराशेजारी. तिथे हवेची फट ठेवून जाळीचं संरक्षण लावावंच लागतं. ही अडचण आहे, मी नाकारत नाही. पण तिच्यासाठी कॅट मागे ढकलणं हा उपाय नव्हे.

स्प्रिंगवाल्या सरकत्या जोडांबद्दल: "बाइकवर चालतात, इथे का नाही?" बाइकवर त्या जोडांच्या मागे बाहेरचा इसीयू (इंजिनाचा संगणक) प्रत्येक क्षणी लॅम्डा वाचून पेट्रोल ठरवत नसतो. एक्झॉस्टच्या दोन झटक्यांच्या मध्ये पाइपमध्ये पोकळी तयार होते, जोडातून हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन (पेट्रोल कमी) वाटतं आणि इसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिन रिच (पेट्रोल जास्त) चालतं आणि स्क्रीनवर सगळं छान दिसतं. म्हणून प्रायमरी (प्रत्येक सिलिंडरचा पाइप) कलेक्टरला वेल्ड करा, आतून आर्गॉन सोडून. तपासायला शेपटीचं तोंड चिंधीने बंद करा, व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सेन्सरच्या भोकाला लावा आणि जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडा दिसला तिथे गळती. सीलंट लावणार असाल तर सिलिकॉनवाला नको, त्याने सेन्सर मरतो.

बाइकची एअर इंजेक्शन, म्हणजे एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी यंत्रणा (यामाहाची एआयएस किंवा सुझुकीची पेअर), प्लेट लावून बंद करायला मी सांगितलं, त्याला तुम्ही "उगाच" म्हणालात. ती चालू ठेवलीत तर कार्बन मोनॉक्साइड उतरेल, पण लॅम्डा 1.03 च्या पार जाईल आणि गाडी नापास होईल. यात उगाच काय आहे?

आवाज आणि खर्चाबद्दलच्या टोमण्यांना उत्तर देत नाही. दोन्ही मूळ लेखात आहेत, वाचा.

आणि तुमची मांडणी खरी असेल तर ती दाखवणं सोपं आहे. सायलेन्सरमधल्या कॅटच्या तोंडाशी थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) लावा, गाडी पाच मिनिटं आयडलला ठेवा, मग 2500 वर तीन मिनिटं धरा आणि दिसेल तो आकडा इथे लिहा. लीन-रिचचा लॉगही जोडा. आकडा 300 च्या वर असला तर पुढचं बोलू.