एकाच बिल्ल्याचे दोन गोऱ्हे

यंदा भाव वाढेल या आशेवर कापूस घरातच भरून ठेवण्याचा निर्णय झाला आणि त्या निर्णयाचा पहिला बळी माझे ऑफिस ठरले. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरात ज्या खोलीत नेट येते, त्याच खोलीत कापूसही येतो, हे मला शहरातली नोकरी घरून करायला लागल्यावर समजले. खिडकीपर्यंत गंजी, गंजीच्या पायथ्याशी खुर्ची, मांडीवर जुना लॅपटॉप आणि अंगभर कापसाची खाज, अशा अवस्थेत मी गेल्या माघात दुसऱ्याने लिहिलेल्या सहा शेल फंक्शनांचा, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांच्या छोट्या गठ्ठ्यांचा, रिव्ह्यू करत होतो.

ही फंक्शने म्हणजे चाचण्यांना लागणारी हेल्पर मंडळी. लिनक्सच्या फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवण्याच्या पद्धती, तपासण्यासाठी ‘एफएस-टेस्ट्स’ नावाचा एक मोठा संच आहे. मूळचा तो एक्सएफएस नावाच्या फाईल सिस्टीमसाठी जन्मला, पुढे ईएक्सटी4, बीटीआरएफएस अशा सगळ्या भावकीने तो वाटून घेतला. त्याची रीत साधी आहे. चाचणी चालते, पडद्यावर जे काही उमटते ते आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडले जाते, आणि काना-मात्रेचाही फरक नसेल तर चाचणी पास. डिस्कचे नाव प्रत्येक मशीनवर वेगळे असल्यामुळे ते उत्तरात येऊ नये म्हणून वर गाळणी लावलेली असते. असा हा सगळा कारभार बॅश या आज्ञांच्या भाषेत चालतो, आणि बॅशमध्ये एक अवतरणचिन्ह विसरणे म्हणजे रात्री गोठ्याचे फाटक उघडे ठेवण्यासारखे आहे. रोज काही होत नाही. होते त्या दिवशी मात्र शेजाऱ्याची तूर खलास होते.

नव्या हेल्परांचे काम होते क्लोन केलेल्या फाईल सिस्टीमची चाचणी. मोठेबाबा सुपारी कातरत दारात येऊन बसले आणि त्यांनी विचारले, “काय करून रायला बाबू?”

“दुसऱ्यानं लिहिलेलं तपासून रायलो.”

“मास्तरवानी? मंग लाल पेन कुठी हाय?”

मी त्यांना समजावायला घेतले. आपल्या गोऱ्ह्याच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आहे ना, तसा प्रत्येक फाईल सिस्टीमला 128 बिटांचा एक यूयूआयडी असतो, बत्तीस अक्षरी. आता डीडी नावाच्या आज्ञेने एका डिस्कची बाइट-न्-बाइट नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली, तर बिल्लाही जसाच्या तसा उतरतो. म्हणजे एकाच बिल्ल्याचे दोन गोऱ्हे उभे राहतात.

मोठेबाबांनी क्षणभर विचार केला. “मंग खुरकुताची लस टोचाले आलेला डाक्टर दुसऱ्याले टोचनच नाई. म्हणन, याची नोंद झाली.”

एक्सएफएस नेमके हेच म्हणते. पहिला गोऱ्हा दावणीला बांधलेला असताना त्याच यूयूआयडीचा दुसरा आणला, तर ते माउंट करायला, म्हणजे वापरासाठी जोडून घ्यायला, साफ नकार देते. ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय तोंडाने मागितल्याशिवाय आत घेत नाही. ईएक्सटी4 आमच्या गावच्या गुराख्यासारखे आहे, किती शिंगे आली तेवढे ते पाहते, बिल्ला वाचत नाही. बीटीआरएफएसची गोष्ट मात्र अवघड होती. अनेक डिस्क मिळून एक संसार करण्याची त्याची पद्धत असल्यामुळे ते बिल्ल्यावरूनच घरचा कोण ते ओळखते, आणि सारखा बिल्ला दिसला की हा आपलाच गोऱ्हा दुसऱ्या दारातून आला असे समजते. त्यात डेटाची माती व्हायची भीती असते. जानेवारी 2024 मधल्या लिनक्सच्या 6.7 कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) यावर तोड निघाली असून एका डिस्कवरच्या क्लोनला माउंट करताना तात्पुरता बिल्ला मिळतो, तोही फक्त मेमरीत. डिस्कवरचा जुना तसाच राहतो. ही सोय नीट चालते का हे पाहणाऱ्या चाचण्यांसाठी हेल्पर लिहिले होते, आणि ते चांगले आहेत की नाहीत हे सांगायला मी कापसात बसलो होतो.

मोठेबाबा तात्पुरत्या बिल्ल्यापर्यंत टिकले नाहीत. गोठ्यात गेले.

पहिले दोन दिवस मी रिव्ह्यू करणाराचा सगळा रुबाब केला. टॅबच्या जागी स्पेस दिसली, नोंदवली. फंक्शनच्या नावापुढे खालची रेघ नव्हती, नोंदवली. साफसफाई करताना लूप डिव्हाइस (फाईलला दिलेले डिस्कचे सोंग) सोडायचे राहिले होते, ते पकडल्याबद्दल स्वतःला चहाही पाजला. माउंट करण्याची जागा ‘/एमएनटी/क्लोन’ अशी पक्की ठोकून दिली होती. ते बरे नाही हे दिसत असूनही मी सोडून दिले, कारण इतक्या चुका काढल्यावर माणसाला दया येते. चाचणी माझ्या मशीनवर चालवली. पास. पुन्हा चालवली. पास.

तिसऱ्या रात्री शेतातली लाईन यायची होती म्हणून घरात कोणी झोपले नव्हते, पण गाव मात्र निजले होते. अशा शांततेत माझ्या लॅपटॉपची जुनी फिरती डिस्क दोन जीबीची कॉपी करताना आटाचक्कीसारखी खरखरते. त्या रात्री चाचणी चालवली आणि खरखर झालीच नाही. शिंक यायच्या आत ‘पास’ उमटले. दोन जीबी एका शिंकेत कॉपी करील असा हा लॅपटॉप नव्हे. त्याला साधे कॅलेंडर उघडायला पाव मिनिट लागते.

मग मी एकेक ओळ छापायला लावली आणि प्रकरण उलगडत गेले. हेल्पर आधी फॅलोकेट या आज्ञेने डिस्कवर दोन जीबी जागा मागत होता. जागा नव्हती. त्याने निमूटपणे अपयशाचा कोड परत दिला आणि तक्रार लॉग फाईलमध्ये टाकली, जी मी पाहत नव्हतो. हा कोड वर पोहोचायला हवा होता, पण लिहिणाऱ्याने व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची डबी, जाहीर करणारा ‘लोकल’ हा शब्द आणि हेल्परला मारलेली हाक एकाच ओळीत लिहिली होती. बॅशमध्ये ‘लोकल’ हीसुद्धा एक आज्ञाच आहे, आणि ती स्वतः यशस्वी झाली की शून्य, म्हणजे यशाचा कोड, देते. आतल्याचे काय झाले याच्याशी तिला देणेघेणे नसते. म्हणून क्लोनचे नाव ज्यात यायचे ते व्हेरिएबल रिकामे, आणि परिस्थिती मात्र आलबेल. पुढच्या ओळीत त्या रिकाम्या व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हे नव्हती, त्यामुळे ते हवेत विरले आणि माउंटच्या हाती डिस्क न लागता नुसती ‘/एमएनटी/क्लोन’ ही जागा लागली. माउंटला नुसती जागा दिली की तो एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, पाहतो. तिथे या जागेची नोंद होती, मूळ डिस्कच्या नावाने. ती मीच केली होती, टायपिंग वाचावे म्हणून.

थोडक्यात, मूळ डिस्कच दोन जागी माउंट होत होती आणि चाचणी मूळची तुलना मूळशी करून ‘दोन्ही हुबेहूब’ असा निर्वाळा देत होती. मोठेबाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी, बैलाच्या कर्जाची पाहणी करायला साहेब आला असताना एकाने एकच बैल आधी पुढच्या गोठ्यात आणि साहेबाचा चहा होईपर्यंत शिंगांना रंग लावून मागच्या गोठ्यात दाखवला होता, ती हकिकत ऐकवली. “साहेबानं लिवलं, जोडी झकास जमली म्हून,” ते म्हणाले आणि बराच वेळ हसले. तो साहेब म्हणजे मी, हे त्यांना सांगण्याची गरज उरली नव्हती.

आता रिव्ह्यूत काय लिहावे? ‘लोकल’ची घोषणा एका ओळीत करून किंमत दुसऱ्या ओळीत भरावी आणि अवतरणचिन्हे घालावीत, हे लिहिणे सोपे होते. दोन दिवस ‘माझ्याकडे पास’ असे जे कळवले, त्याचा खुलासा चार वेळा लिहून चार वेळा खोडला. शेवटी एफएसटॅबचे नाव एकदाच, वाक्याच्या मधोमध, कंसात घालून टाकले.

राहिला जागेचा प्रश्न. डिस्कवर जागा खाऊन बसला होता चुलतभावाच्या लग्नाचा साडेचार तासांचा व्हिडिओ. तो काढू म्हटल्यावर वहिनींनी विचारले, “आधी त्याची कॉपी ठेवली ना?” त्या कॉपीसाठी पेनड्राइव्ह शोधण्यात रात्रीचे साडेअकरा वाजले. हळदीपासून पाठवणीपर्यंत सारे पेनड्राइव्हवर गेले, जागा मोकळी झाली, एफएसटॅबमधली ओळ मी खोडली आणि ओळी दुरुस्त करून चाचणी पुन्हा चालवली. डिस्क खरखरू लागली. इतका गोड आवाज मी त्या खोलीत यापूर्वी ऐकला नव्हता. चाळीस सेकंद झाली, पन्नास झाली, आणि दारात टॉर्चचा उजेड पडला.

“बंद कर ते चक्की,” मोठेबाबा म्हणाले. “लाईन आली. चाल ओलिताले.”